थॉर्नबीसरांचं विवर

शुक्रवारचा तास संपवून थॉर्नबीसर फळा पुसत होते. नकुल दाराकडे सरकत होता, तेवढ्यात सर म्हणाले, "नकुल, रविवारी आम्ही काही जण एका विवरात उतरतोय. डोंगरातलं खोल भोक आहे. खुर्चीत बसवतात आणि दोरानं खाली सोडतात. फार काही भयंकर नाही. तू आलास तर आनंदच होईल. आग्रह नाही, हं."

नकुलनं तिथल्या तिथे दाराची चौकट घट्ट धरली. पुण्यात तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कपडे वाळत घालायचे, तर तो भिंतीला पाठ टेकवून घालायचा. रात्री पाणी प्यायला उठला, की घरातले सगळे दिवे लागायचे. उंची आणि अंधार या त्याच्या दोन वेगवेगळ्या भीती होत्या. इंग्रजांनी त्या दोन्हींची सोय एकाच भोकात केली होती.

पण समोर सर होते. सेमिस्टरपुरता यॉर्कशरमधल्या लीड्सला आलेला असला, तरी सरांना तोंडावर नाही म्हणायची रीत नकुलच्या घराण्यात नव्हती. तो म्हणाला, "आय विल ट्राय, सर."

आपल्याकडे याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. 'बघतो', 'जमवतो', 'प्रयत्न करतो' असं पाहुणा म्हणाला, की यजमान एक पान कमी मांडतो. सर मात्र "ब्रिलियंट!" म्हणाले आणि हेल्मेटचं माप घ्यावं तसे त्याच्या डोक्याकडे बघू लागले.

संध्याकाळी नकुलनं मेल लिहिली : सर, मला जरा सर्दी झाली आहे. सरांचं उत्तर आलं : आत हवा बारा महिने सारखी असते, सर्दीला उत्तम. नकुलनं कळवलं : माझ्याकडे बूट नाहीत. उत्तर आलं : माझी पत्नी मार्गारेट तिच्या गुहा-क्लबमधून बूट आणील. नकुलनं शेवटचं अस्त्र काढलं : रविवारी माझा उपास असतो. उत्तर आलं : किती छान! मार्गारेट तुझ्यासाठी बटाटे भाजून आणील.

उपासाला बटाटा चालतो हे त्या बाईला कोणी सांगितलं, या विचारानं त्याला रात्रभर झोप लागली नाही.

शनिवारी तो शशिधरकाकांकडे गेला. काका म्हणजे वडिलांचे जुने मित्र. इथल्या इस्पितळात हाडांचे डॉक्टर. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काळजी करू नकोस. रविवारी मी ऑन-कॉलच आहे."

काकांची मुलगी देविका इथेच जन्मलेली. तिला हे प्रकरणच कळेना. "तुझी प्रॉब्लेम काय आहे? 'नो थँक्स' म्हण ना. दोनच शब्द आहे."

"सरांना?"

"सर काय सर? अॅलन नाव आहे ना त्याची? 'सॉरी अॅलन, आय एम स्केअर्ड' असं म्हण. फिनिश्ड!"

नकुलनं मनातल्या मनात म्हणून पाहिलं. 'अॅलन'पाशीच गाडी अडली. "त्यापेक्षा मी भोकात जातो," तो म्हणाला.

आशेचा शेवटचा किरण म्हणून त्यानं आईला फोन लावला. तिनं नको म्हटलं, की प्रश्न मिटला!

"सरांनी आपणहून बोलावलंय?" आई हरखली. "मग जा हो! कुठे नेतायत?"

"जमिनीखाली."

"म्हणजे मेट्रो का? बरं, रिकाम्या हातानं जाऊ नकोस. डब्यातले लाडू ने."

रविवारी सरांच्या गाडीतून नकुल निघाला. मागच्या सीटवर मांडीवर लाडवांचा डबा घेऊन तो शेवटचं पाहून घ्यावं तसा शेतं, मेंढ्या आणि दगडी कुंपणं पाहत होता. सर गाडी चालवताना एक शब्द बोलले नाहीत. मार्गारेटबाई तेवढ्या दोघांचंही बोलत होत्या.

डोंगरावर धुकं होतं. गवत होतं, गवत होतं, आणि मग नव्हतं. तिथे भोक होतं. एक ओढा खळाळत त्याच्या काठापर्यंत यायचा आणि आत नाहीसा व्हायचा. पडल्याचा आवाज बऱ्याच वेळानं यायचा. लाजेच्या प्रसंगी धरणीनं पोटात घ्यावं असं नकुलला पुष्कळदा वाटलं होतं. पण तिनं एवढी तयारी करून ठेवली असेल, असं वाटलं नव्हतं.

मार्गारेटबाई येणाऱ्यांना उतरवून घ्यायला पहिल्याच खुर्चीनं खाली गेल्या. त्यांची शिट्टी पाताळातून यावी तशी आली. मागोमाग एकेक जण गेला. आता नकुलची पाळी. त्यानं वाक्य तयार केलं : सॉरी, मला भीती वाटते. तोंड उघडलं. तेवढ्यात दोराच्या यंत्रावरच्या म्हाताऱ्यानं आपुलकीनं विचारलं, "ऑल राइट, लव्ह?"

"फाइन, थँक यू," नकुल म्हणाला. बालवाडीपासून घोटलेलं उत्तर. ते आपोआप आलं. खुर्चीची आडवी दांडी खटकन बसली आणि पायाखालचं यॉर्कशर निघून गेलं.

आधी उजेड गेला. मग धबधब्याचे तुषार तोंडावर आले. खुर्ची गोल गोल फिरू लागली, भिंती काळ्या, ओल्या, आणि एकही दिवा लावता येण्याजोगा नाही. नकुलनं रामरक्षा सुरू केली. तिसऱ्या ओळीला तो अथर्वशीर्षात शिरला आणि पुढे पाढे म्हणू लागला. डबा मात्र सोडला नाही. तळाशी मार्गारेटबाईंनी त्याला खुर्चीतून सोडवला, तेव्हाही तो पाढेच म्हणत होता.

मागून सर आले. हेल्मेटच्या दिव्यात त्यांचा चेहरा खडूसारखा दिसत होता. मार्गारेटबाई बाकीच्यांना वर पाठवण्यात गुंतल्या, तसे सर नकुलच्या शेजारी दगडावर बसले आणि कुजबुजले, "मी आयुष्यात पहिल्यांदाच उतरलोय. मला याची फार भीती वाटते."

"सर?"

"लग्न झाल्यापासून मार्गारेट मला बोलावते आणि मी टाळतो. या वेळी म्हटलं, माझा एक विद्यार्थी एकटा आहे, त्याला सोबत करायचीय. ती म्हणाली, त्यालाही आण. मला वाटलं, तू नाही म्हणशील आणि मीही सुटेन. पण तू हवेची चौकशी केलीस, बुटांची केलीस, जेवणाची केलीस! एवढा उत्साह! तुझं मन मोडवेना."

नकुलला रडावं की हसावं कळेना. त्यानं डबा उघडून पुढे केला. दोघांनी लाडू खाल्ले. पाणी कोसळत होतं.

सगळ्यांना वर पाठवून मार्गारेटबाई आल्या. "पुढच्या रविवारी याहून मोठी गुहा आहे. पोटावर सरपटत जायचं. येणार ना दोघंही?"

"लव्हली," सर विझत्या आवाजात म्हणाले.

नकुलनं सरांकडे पाहिलं. मग आयुष्यात पहिल्यांदा, इंग्लंडच्या पोटात उभा राहून, तो म्हणाला, "नो, मॅडम. आम्हाला दोघांनाही भीती वाटते."

मग मार्गारेटबाईंनी मोठा सुस्कारा सोडला. "देवाची कृपा! अॅलनला एकटं वाटू नये म्हणून मी इतकी वर्षं विचारत होते. मला तर इथे एकटीनंच यायला आवडतं."

"तसं सांगायचंस तरी," सर म्हणाले.

"तू दुखावला असतास ना!"

वरून भोंगा वाजला. डोंगरावर पाऊस सुरू झाला होता. तळाचं पाणी वाढायच्या आत तिघांना वर काढायला हवं होतं. रिकामी खुर्ची डुलत खाली आली. नकुलच्या सर्वांगानं त्या खुर्चीकडे झेप घेतली. पाय तेवढे जागचे हलले नाहीत. बाजूला सर उभे होते. वयानं मोठे.

"सर, आधी तुम्ही."

"छे छे, तू पाहुणा. मार्गारेट?"

"मी कशी जाऊ? नकुल, तू बस बाळा."

"नाही नाही, मॅडम, तुम्ही."

"खरंच, आधी तू."

पाणी घोट्याला लागलं. तिघंही एकमेकांना हातानं वाट दाखवत राहिले, आणि वरच्या म्हाताऱ्यानं एवढ्या वेळात माणूस नक्कीच बसला असेल असं धरून यंत्र सुरू केलं. तिघांच्या नाकासमोरून खुर्ची रिकामीच वर निघाली.