सेतुमामांचं घरचं इंग्रजी

आमच्या शेजारचे सेतुमामा रोज सकाळी कॉफीचा पेला घेऊन ओट्यावर येतात, आभाळाकडे बघतात आणि हिरमुसतात. तंजावूरचा एप्रिल, सात वाजताच डोकं तापलेलं. मामा म्हणतात, "छे! आजपण ड्रीख नाही."

ड्रीख म्हणजे ओला, गार, करडा, नकोसा दिवस. शब्द स्कॉटलंडचा. मामा शेतकी खात्यातून निवृत्त झालेले, त्यांची बदली ओरत्तनाडूपलीकडे कधी झाली नाही. पण मुलगा श्रीनिवास ग्लासगोला गेला, तिथल्या फिओनाशी लग्न केलं, आणि मामांनी सुनेची बोली शिकायचा ध्यास घेतला. दिवसभर मोबाइलवर तिथल्या म्हाताऱ्यांच्या गप्पा ऐकत बसतात.

"मामा, तुम्हांस इंग्रजी येतं की," मी म्हटलं.

"ते परीक्षेचं, प्पा! हे घरचं. पुस्तकात नाही!" हे 'पुस्तकात नाही' ते छाती काढून म्हणतात.

त्याचा ताप साऱ्या गल्लीला. पापनाशमच्या बसमधून मी थकून उतरलो की ओट्यावरून हाक येते, "काय रे, पीली-वॉली दिसतोस!" म्हणजे पांढराफटक. मामी भाजीवालीशी दोन शब्द बोलल्या, की ते 'ब्लेदर', म्हणजे वायफळ बडबड. मामींनी एकदा बजावलं, "ते शब्द माझ्या स्वयंपाकघरात नकोत. सांबार नासेल." मामांवर परिणाम शून्य. "घरी मराठी, बाजारात तमिळ, कचेरीत इंग्रजी. तीन भाषा पचवलेलं पोट आपलं. चौथी काय जड?"

एवढा खटाटोप कशाला, असं मी एकदा विचारलं. मामांनी मोबाइल बाजूला ठेवला.

"आमचा फोन चालू असताना फिओना मध्येच आपल्या आईशी कशी भडभडा बोलते! आणि माझ्याशी? हळू, धुऊन, सोवळ्यातलं. पाहुण्याशी बोलावं तसं." मग म्हणाले, "पुण्यास लग्नाला गेलो होतो. मी तोंड उघडलं, की पोरं हसायची. 'काका, परत बोला ना!' शिवाजीच्या भावाबरोबर तंजावुरास आलेली भाषा आपली, तिला हसायचे! मग मी तेथे इंग्रजीच बोललो. माझ्या घरात त्या पोरीस आपलं बोलणं गिळावं लागू नये, एवढंच."

मला त्या क्षणी मामांचा फार अभिमान वाटला. एक गोष्ट मात्र ते बोलले नाहीत, पण गल्लीला ठाऊक होती. श्रीनिवासला मराठी सगळी समजते, पण शाळेत जायला लागल्यापासून तो बापाला उत्तर तमिळमध्येच देतो.

कार्तिकात दोघं आली. फिओना झोपाळ्यावर अंग चोरून बसायची आणि प्रत्येक शब्द तोलून बोलायची. मामांची तर वाचाच बसली. शब्द होता, पण बाहेर लख्ख ऊन! आम्ही सगळे आभाळाकडे डोळे लावून बसलो.

एका सकाळी अंधारून आलं, झिमझिम सुरू झाली. मी पेपर मागायला गेलो होतो. मामा खिडकीशी उभे राहिले, घसा साफ केला आणि ठणकावून म्हणाले, "ड्रीख!"

फिओनाने चमकून पाहिलं. मग ती अशी खदखदून हसली की झोपाळा हलला, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. मग सुरू झालं तिचं घरचं बोलणं, धो धो. मामांना त्यातलं अर्धंही कळलं नसावं, पण मान अशी डोलत होती जणू गाण्याची कचेरी ऐकताहेत.

मध्येच थांबून तिने विचारलं, अशा दिवसाला या घरात काय म्हणतात?

मामा गांगरले. हे त्यांना आजवर कोणी विचारलंच नव्हतं. हळूच म्हणाले, "मळभ."

फिओना दोनदा अडखळली. इतक्यात दारातून आवाज आला, "तसं नव्हे. मळभ. मळभ आलंय, म्हण."

श्रीनिवास होता. मराठीत.

मामांनी आभाळाकडे बघणं सोडलं आणि मुलाकडे पाहिलं.

मामी कॉफी घेऊन आल्या, मामांकडे बघतच राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, असे पीली-वॉली का झालांत? बसा पाहू."