फराळाच्या ताटलीतलं पुस्तक

शर्वाणीनं एक पुस्तक मागवलं होतं. मंगळवारी कुरियरवाल्यानं दुकानात आणून टाकलेल्या खोक्यातून त्याच एका पुस्तकाच्या चोवीस प्रती निघाल्या. घाऊक व्यापाऱ्याकडे 'एक' म्हणजे एक खोकं असतं, हे तिला वर्षभर दुकान चालवूनही ठाऊक नव्हतं. पुस्तक होतं छोट्या दुकानदारांसाठी, दुकान कसं तगवावं हे सांगणारं. माल मागवण्याआधी नग नीट तपासून घ्यावेत, असं त्याच्या पहिल्याच प्रकरणात ठळक अक्षरांत छापलेलं होतं.

डब्लिनमध्ये ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलजवळ दुकानांची एक छोटी रांग आहे. त्यात शर्वाणीचं भेटवस्तूंचं दुकान. भेटकार्डं, मेणबत्त्या आणि भेट द्यायला बरी दिसतील अशी पुस्तकं. आजाऱ्याला बघायला निघालेली माणसं वाटेत शिरतात आणि काहीतरी घेऊन जातात. सँडीफोर्डमधली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून तिनं हे मांडलं, त्याला आता वर्ष झालं होतं. दुकान बुडत नव्हतं, पण पोहतही नव्हतं. अशात जुन्या मॅनेजरचा फोन आला, की तुझी जागा पुन्हा रिकामी आहे, शुक्रवारपर्यंत काय ते कळव.

तिनं नवऱ्याला विचारलं. अंबरीश म्हणाला, "तुला योग्य वाटेल ते कर." नवऱ्यांचं हे वाक्य ऐकायला फार समजूतदार वाटतं आणि त्याचा उपयोग काडीचा होत नाही. म्हणून तिनं पुस्तकाला विचारायचं ठरवलं, तर ही चोवीस पुस्तकं आली. व्यापारी परत घ्यायला तयार नव्हता. तिनं खोकं मागच्या प्रेसमध्ये ढकललं. आयर्लंडमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात, आणि इथं राहून मराठी माणसंही म्हणायला लागतात.

बुधवारी मॅनेजरला एकदा भेटून यावं असं तिच्या मनात आलं. घरी कुणाला सांगायचं नव्हतं. दिवाळीसाठी पुण्याहून आलेल्या सासूबाईंना, म्हणजे सुरेखाताईंना, तिनं दाताच्या डॉक्टरकडे जाते असं सांगितलं आणि दोन तास दुकानात बसवलं. दात दाखवायला कुणी इस्त्रीचा कोट घालून जातं का, हा प्रश्न सुरेखाताईंना पडला नाही. शेजारच्या न्हाव्याला, डेक्लनला, मात्र पडला. त्यानं तिला बसस्टॉपवर पाहिलं होतं, आणि दाताचं कारण तिनं त्यालाही सांगितलं होतं.

सुरेखाताई दुकानात फराळाचा डबा आणि स्टीलच्या ताटल्या घेऊनच आल्या होत्या. दिवाळीत शेजाऱ्यांकडे फराळ जायलाच हवा, मग शेजारी आयरिश का असेनात. उद्या आपण दोघी मिळून देऊ, असं शर्वाणी म्हणाली होती, पण ताज्या चकलीला उद्याचा भरवसा नसतो. कागदी रुमाल शोधायला त्यांनी प्रेस उघडलं आणि त्यांना ते खोकं दिसलं. एकाच पुस्तकाच्या इतक्या प्रती आणल्यात म्हणजे वाटायलाच आणल्या असणार, आणि मुखपृष्ठावर दुकानाचं चित्र म्हणजे या रांगेतल्या दुकानदारांनाच, हे त्यांनी ताबडतोब ताडलं. सून कामाच्या रगाड्यात विसरली असेल, बिचारी.

त्यांनी प्रत्येक ताटलीत चकली, शंकरपाळे, दोन बेसनलाडू आणि एक पुस्तक मांडलं. दुकान उघडं टाकून जायचं कसं, म्हणून दिवे मालवले आणि शटर ओढलं. मग भर दुपारी, वाऱ्यानं डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत असताना, त्या एकेका दुकानात गेल्या. इंग्रजीची अडचण होती, म्हणून त्यांनी काही न बोलता ताटली पुढे केली आणि हात जोडले.

पलीकडच्या लोकरीच्या दुकानातल्या नोरीनबाईंनी आधी सुरेखाताईंचे डोळे पाहिले, मग पुस्तक, मग बंद शटर. दुकान चालवायचं पुस्तकच जी वाटून टाकते, तिला ते चालवायचं नाही, हे उघड होतं. डेक्लननं कोटाची हकिगत सांगितली, नोकरीच्या मुलाखतीलाच गेली असणार म्हणाला, आणि उरलासुरला संशयही फिटला. तासाभरात बातमी हॉस्पिटलपर्यंत पोचली.

शर्वाणी परतली तेव्हा शटर पुन्हा वर गेलं होतं आणि दुकानाबाहेर गिऱ्हाइकांची रांग होती. अशी रांग तिनं आजवर फक्त स्वप्नात पाहिली होती. आत सुरेखाताई बोटांनी किमती सांगत गल्ला सांभाळत होत्या. नोरीनबाईंनी शर्वाणीला दारातच मिठी मारली आणि तुझ्या दुःखात आम्ही सगळे आहोत, असं म्हणाल्या. इथं हे वाक्य मयताच्या घरी म्हणतात. शर्वाणीनं तिथूनच अंबरीशला फोन लावला, तो जिवंत आहे याची खात्री केली आणि काही न सांगता ठेवून दिला.

काय झालंय ते डेक्लनकडून कळलं, तेव्हा तिला लगेच खुलासा करायचा होता. पण तो नक्की काय करायचा? मॅनेजरला तिनं नाही म्हटलं नव्हतं, होही म्हटलं नव्हतं. दुकान बंद होत नाहीये हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. तेवढ्यात हॉस्पिटलमधली एक नर्स गल्ल्यापाशी आली. तिनं या दुकानाची आठवण म्हणून दुकान तगवण्याचं एक पुस्तक विकत घेतलं. आई आजारी असताना रोज इथून एक कार्ड नेत होते, तेवढाच धीर यायचा, असं ती म्हणाली. शर्वाणीला रडू आलं, आणि रांगेतल्या सगळ्यांना ते बरोबरच वाटलं.

गुरुवारी संध्याकाळी अंबरीश घरी आला तो डोक्याच्या एकाच बाजूचे केस कापून. डेक्लननं कात्री चालवता चालवता सांत्वन सुरू केलं होतं आणि हा खुर्चीतून तसाच उठला होता.

"मला न सांगता दुकान बंद करतेयस?" त्यानं विचारलं.

"अजून काही ठरलं नाहीये. आणि तुला बरंच वाटेल असं वाटलं मला."

"मला कशाला बरं वाटेल?"

"तूच म्हणालास ना, योग्य वाटेल ते कर म्हणून."

अंबरीश सोफ्यावर बसला. "अगं, मी नको म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस की प्रेशर आणतोय. शर्वाणी, ऑफिसमध्ये माझ्याबद्दल सांगण्यासारखं काही नसतं. मी सगळ्यांना तुझ्या दुकानाबद्दल सांगतो. नको ना बंद करूस."

लग्नाला बारा वर्षं झाली होती, आणि इतकं सरळ वाक्य तो पहिल्यांदाच बोलत होता. एका बाजूनं सैनिक आणि दुसऱ्या बाजूनं कवी दिसणाऱ्या त्या डोक्याकडे बघताना तिला नवऱ्याबद्दल इतकं प्रेम वाटलं, की हसायचंही राहून गेलं. सुरेखाताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"माझं काही चुकलं का गं?" त्यांनी विचारलं. "दिवे तेवढे मालवले मी. उगाच कशाला जळत ठेवायचे?"

"तुमचं काही नाही चुकलं, आई," शर्वाणी म्हणाली. "दाताचं मीच खोटं सांगितलं." मग तिनं सँडीफोर्डची सगळी हकिगत सांगितली.

शुक्रवारी सकाळी तिनं मॅनेजरला फोन करून नकार कळवला. फोन ठेवल्यावर इतकं हलकं वाटलं, की तिनं एकटीनंच उरलेल्या शंकरपाळ्यांचा फडशा पाडला. आता शेजाऱ्यांना सांगायचं तेवढं राहिलं होतं. ती आता सांगू, मग सांगू करत राहिली आणि शेजारी तिच्या आधी आले. दुकान मिटायच्या वेळेला रांगेतले सगळे दुकानदार केक घेऊन आत शिरले. नोरीनबाईंच्या हातात एक मोठी बॅग होती. सर्वांनी मिळून घेतलेली, ऑफिसला न्यायची, खऱ्या चामड्याची.

डेक्लननं भाषणही तयार केलं होतं. शर्वाणी नोकरीत आम्हाला विसरणार नाही अशी आशा आहे, इथपर्यंत तो आला आणि शर्वाणीला पुढचं ऐकवेना.

"मी कुठेही जात नाहीये," ती म्हणाली. "दुकान बंद होणार नाही. बुधवारीच सांगायला हवं होतं, पण तेव्हा माझंच ठरलं नव्हतं. माफ करा."

डेक्लननं भाषणाच्या कागदाकडे पाहिलं आणि तो हळूच खिशात घातला. शर्वाणीला न्यायला आलेल्या अंबरीशनं विनाकारण केक कापायला घेतला. शर्वाणीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. या माणसांनी आपापली दुकानं लवकर मिटून तिला निरोप द्यायला यावं, आणि तिनं जाऊच नये, हे फारच वाईट दिसत होतं. तिनं बॅग दोन्ही हातांनी नोरीनबाईंसमोर धरली.

"ही मला घेता येणार नाही," ती म्हणाली. "तुम्हा सगळ्यांचा खर्च फुकट गेला माझ्यामुळे."

नोरीनबाईंनी बॅग शांतपणे काखोटीला मारली.

"काही फुकट गेला नाही, लव्ह," त्या म्हणाल्या. "बॅगवाल्याला विचारूनच घेतली होती मी, पोरीचं मन बदललं तर सोमवारी परत घेशील ना म्हणून."