आगाऊ आश्चर्य

डोळ्यांना जे दिसते ते कानांनी दुजोरा देईपर्यंत खरे मानू नये, या तत्त्वावर दूरचित्रवाणीचा सारा डोलारा उभा आहे. त्या डोलाऱ्याचा मुख्य खांब म्हणजे एका वाहिनीचे हे निवेदक. (घरची मंडळी सोडून सगळे त्यांना 'आवाजसाहेब' म्हणत.)

साहेबांची सुरुवात खेळाच्या समालोचनातून झाली. न पाहता थक्क होण्याची त्यांची हातोटी वरिष्ठांनी तेव्हाच हेरली. पाहणारा माणूस अडखळतो, विचार करतो, क्वचित गप्पही बसतो. आणि गप्प बसणे हा वाहिनीच्या नियमांत चोरीच्या खालोखालचा गुन्हा आहे. पुढे गाण्याच्या स्पर्धा आल्या, नाचाच्या आल्या, पाळीव कुत्र्यांचा सौंदर्यसोहळाही आला. तिथे तर कुत्रा मंचावर येण्याआधीच साहेब गहिवरत.

एक माणूस पुरणार कुठे कुठे? म्हणून वाहिनीने आगाऊ आश्चर्याची पद्धत काढली. सामन्याचा शेवट आधीच दोनदा बोलून ठेवायचा, एकदा जिंकल्याचा, एकदा हरल्याचा. निकाल लागला की तंत्रज्ञ हवा तो लावतो. चुकण्याचे प्रमाण शून्य (मोजणारा विभाग अजून स्थापन व्हायचा आहे).

अशात मुलींच्या फुटबॉलचा अंतिम सामना आला. गोलरक्षक होती साहेबांची लेक.

"बाबा, या वेळी तरी बघशील ना?"

"म्हणजे काय! डोळ्यांत तेल घालून बघतो."

नेमका त्याच संध्याकाळी कुत्र्यांचा सोहळा निघाला. साहेबांनी दोन्ही शेवट बोलून ठेवले, दोन्हींत सारखाच आवंढा गिळला आणि कुत्र्यांकडे गेले. मेकअपच्या खोलीत पाठीमागे टीव्ही चालू होता. त्यातून त्यांचाच आवाज आला, "हरल्या, पण या लेकींनी मने जिंकली!" ज्या आवाजावर साऱ्या जगाने विश्वास ठेवला, त्यावर खुद्द मालकाने तरी संशय का घ्यावा?

घरी येताच त्यांनी लेकीला जवळ घेतले. "जाऊ दे गं. हारजीत चालायचीच."

लेकीच्या गळ्यात सुवर्णपदक होते.

"अहो, शेवटचा गोल हिनेच अडवला," बायको म्हणाली. "जिंकल्या त्या. तुमच्या माणसाने भलताच शेवट लावला."

लेकीने पदक काढून टेबलावर ठेवले आणि ती खोलीत निघून गेली. साहेबांना मेल्याहून मेल्यासारखे झाले.

वाहिनीकडे तक्रार मात्र एकही आली नाही. अडवलेला चेंडू स्वतःच्या डोळ्यांनी पाहूनही प्रेक्षक पराभवाबद्दल मनसोक्त रडले होते. वरिष्ठ खूश झाले. यापुढे एकच शेवट पुरेल, असे सर्वानुमते ठरले.

साहेब मात्र हट्टाला पेटले. लेकीच्या पुढच्या सामन्याला ते स्वतः मैदानावर गेले आणि थेट बोलू लागले. अखेरच्या मिनिटाला समोरची खेळाडू एकटीच चेंडू घेऊन सुटली. लेक पुढे झेपावली. साहेब आयुष्यात पहिल्यांदा बघत होते, आणि बघता बघता त्यांची बोलतीच बंद झाली. चेंडू लेकीच्या कवेत आला तरी तोंडातून शब्द फुटेना. तिने मान वर करून त्यांच्या समालोचन कक्षाच्या काचेकडे पाहिले आणि हात हलवला. साहेबांनीही हलवला. तेवढ्यासाठी नोकरी गेली तरी चालेल, असे त्यांना वाटले.

ती गेलीच. त्या दिवशी वाहिनीचे फोन थांबेनात. "आवाज बंद आहे! आता आम्ही बघायचं काय?"

तक्रारदारांची नावे गुप्त ठेवण्याचा नियम आहे. त्यामुळे, वाचकहो, आपले नाव इथे दिलेले नाही.