बारा आंबेपिवळे शर्ट

प्रश्न १. आपण किती जण आलात?

खोली सोडताना चारिंगबाईंनी समुद्रकिनाऱ्यावरच्या रिसॉर्टच्या अभिप्रायाच्या कागदावर या रकान्यात आधी १ लिहिला. पेन थोडा वेळ थांबलं. मग शेजारी २ काढला.

यायचे होते बाराच. अकरा महिने घरच्या ग्रुपवर दुसरा विषय नव्हता. आंबेपिवळे टी-शर्ट छापून झाले, पाठीवर प्रत्येकाचं नाव. मग थोरल्या नेस्टरच्या जहाजाने बंदर बदललं. दुबईतल्या लेकीची, लिवायवायची रजा नामंजूर झाली. धाकट्याच्या बायकोचे कागद टोरांटोत अडकले.

"पासिंगमावशीकडच्यांना घेऊन जा, नानाय," मुलं आईला म्हणाली. "एकटी जाणार असशील तर रद्दच करतो."

ऐनवेळी पासिंगमावशीकडे घरभर ताप. हे चारिंगबाईंनी मुलांना कळवलं नाही. याच किनाऱ्यावर एकदा सगळे आले होते, मुलांचे वडील होते तेव्हा. चारिंगबाई एकट्याच किनाऱ्याकडच्या बातांगासच्या बसमध्ये बसल्या. पिशवीत अकरा शर्ट, बारावा अंगात.

प्रश्न २. स्वागत कसे झाले?

"बाकीचे कुठायत, नानाय?" काउंटरवरच्या मुलीनेही त्यांना आईच म्हणत मनगटात घालायचे बारा पट्टे पुढे केले.

"मागून येतायत."

दोन शब्द, पण भलतेच अंगाशी आले. बारा गाद्या पडल्या. बारा टॉवेल आले. स्वयंपाकघराने बाहेर लांबलचक टेबलावर केळीची पानं अंथरून मधोमध भाताचा बांध घातला आणि दोन्ही अंगांनी भाजलेले मासे, कोळंबी, वांगी रचली. मॅनेजर विलारुझ दर अर्ध्या तासाने हजर.

"कुठवर पोचले?"

"लिपा गावापर्यंत."

"मघाशीही लिपाच होतं."

"ट्रॅफिक आहे."

प्रश्न ३. जेवण कसे वाटले?

अडीच वाजले. तीनला मुलांचा व्हिडिओ कॉल यायचा होता, आणि एवढ्या मोठ्या पानाच्या कडेला एकटी बाई उभी. समोरून रोडेल चालला होता, बुडणाऱ्यांना वाचवायला ठेवलेला.

"ये जेवायला," त्या म्हणाल्या. असं कुणालाही म्हणायचंच असतं, आणि समोरच्याने नको म्हणायचंच असतं.

"आत्ताच झालं, नानाय."

"ये रे."

"खरंच झालं."

"तीन वाजता माझ्या पोरांचा फोन आहे," त्या म्हणाल्या आणि पिशवी उघडली.

रोडेलने समुद्राकडे पाहिलं. शाळा सुरू झालेल्या, पाण्यात चिटपाखरू नव्हतं. त्याने हात धुतले आणि एक लांब शीळ घातली. पाच मिनिटांत दहा शर्ट गेले. रोडेल झाला नेस्टर. टॉवेलवाली झाली लिवायवाय. आचाऱ्याच्या वाट्याला धाकटी सून आली.

प्रश्न ४. कर्मचाऱ्यांची वागणूक?

"रोडेल, हे काय चाललंय?" विलारुझ मागे येऊन उभे.

"हा नेस्टर," चारिंगबाई म्हणाल्या. "पाठीवर लिहिलंय."

"आणि ही कोण?"

"सून. टोरांटोची."

"नानाय, हा माझा आचारी आहे. त्याला मिशा आहेत."

"तिकडे थंडी फार."

विलारुझ पुढे बोलणार, तेवढ्यात फोन वाजला. पिशवीत एकच शर्ट उरला होता, सहा वर्षांच्या नातवाचा. विलारुझनी फोनकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. शर्ट काखेत उसवत कसाबसा त्यांच्या बेंबीपर्यंत उतरला.

पडद्यावर तीन चौकटी उघडल्या. धाकटा पांघरुणातच होता.

"मावशीकडचे बरेच आले की," लिवायवाय म्हणाली. "तो मिशावाला कोण?"

"तिच्या नणंदेचा मुलगा."

रोडेल कोळंबी घ्यायला वळला आणि पाठीवरचं नाव पडद्यावर गेलं.

"नानाय," नेस्टर म्हणाला, "मावशीचा सकाळीच फोन आला होता. सगळे तापाने झोपलेत तिच्याकडे."

घास जिथल्या तिथे थांबले. आचाऱ्याने उगाच मिशीवर हात ठेवला.

"माझा शर्ट बसला का त्याला?" नेस्टरने विचारलं.

"खांद्यात जरा ढगळ होतो, दादा," रोडेलनेच सांगितलं.

"मलाही आता तसाच झाला असता. जहाजावर बारीक झालोय मी."

मग लिवायवाय म्हणाली, "जेवा ना. गार होतंय. फोन त्या भाताला टेकवून ठेव, नानाय. आम्ही नुसतं बघतो."

प्रश्न ५. आपली काही वस्तू येथे राहिली आहे का?

सकाळी काउंटरवर अकरा शर्ट धुऊन, घडी घालून ठेवलेले होते. सर्वांत वर छोटा. त्याच्या काखेत वेडेवाकडे टाके, आणि विलारुझच्या बोटाला पट्टी.

चारिंगबाईंनी गठ्ठ्यावरून एकदा हात फिरवला. मग तो तसाच काउंटरच्या पलीकडे सरकवला आणि कागद पुढे ओढला.

हो. अकरा शर्ट. न्यायला आम्ही येऊ.