'बाहेर' या शब्दावरून पेठेत तंटा जाहला त्याची हकीकत

श्री. ज्या देवतेच्या कृपेने जगाची देवघेव चालते, तीस प्रथम दंडवत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, ते साली राज्यात जे वर्तमान जाहले ते ऐकिले तैसे लिहितो. राज्याचे धनी बहुत कर्तबगार. त्यांनी रयतेच्या हाती काचेच्या पाट्या दिधल्या, आणि पाटीच्या आत एक पेठ वसविली, आणि पेठेस वेस एकच ठेविली. मग शिरस्ता जाहला कीं कारागिरांनी आपापली ॲपे याच पेठेत मांडावी आणि शंभरांतील तीस वेशीवर द्यावे. आणि दुसरा हुकूम ऐसा कीं, कोणा दुकानदाराने गिऱ्हाइकापाशी 'बाहेर' हा शब्द काढू नये. कारण तोच माल बाहेर स्वस्त मिळतो हे कळल्यावर वेशीस कोण विचारतो? धनी म्हणत, पेठ आम्ही वसविली, झाडलोट आम्ही करितो, चोर आम्ही धरितो. हे खोटे नव्हे. पूर्वी चोर बहुत होते.

ते समयी ठकूबाई कासारीण म्हणून एक बाई होती. लेकीसुनांच्या हाती बांगड्या भरिता भरिता तिने त्यांच्या पाळीच्या तक्रारी ऐकिल्या, आणि मग खपून एक ॲप सिद्ध केले, जे दिवस मोजून आगाऊ सांगे. वीस हजार बायांनी ते घेतले. वेशीचे तीस बाईने विनातक्रार दिधले. मग एके सकाळी ॲपाने रिवाजाप्रमाणे निरोप धाडिला कीं, "बाई, परवा तू बाहेर." पेठेच्या झाडतीदाराने शब्द वाचिला आणि तत्क्षणी दुकानास टाळे ठोकिले. बाईने अर्ज केला, उत्तर आले, "आपले म्हणणे ध्यानी घेतले. नियम तोच." ऐसे अकरा अर्ज केले आणि अकरा उत्तरे आली, त्यांत काना-मात्रेचाही फरक नव्हता.

मग फिर्याद न्यायाधीश भानजीपंतांपुढे आली. धन्यांचे कारभारी दादो विसाजी उभे राहून बोलिले, "हिने वीस हजार गिऱ्हाइकांस परवा बाहेर जाण्याची चिथावणी दिली." पंतांनी पुसिले, "बाहेर म्हणजे कोठे?" कचेरीत पुरुषमाणसे चाळीस, आणि सारी जमिनीकडे पाहू लागली. ठकूबाई म्हणाली, "अहो पंत, बाहेर म्हंजे बाहेरची! कावळा शिवला, बाजूला बसली. एवढंबी ठाव नाही व्हय? घरी बाईसाहेबांस्नी विचारा." दादो विसाजी म्हणाले, "कावळा असला तरी त्याने वेशीवर नोंद करावी." पंतांनी पुढील तारीख दिली, आणि तिच्यापुढे आणखी एक, आणि ऐसे सहा महिने लोटले.

दरम्यान धन्यांनी स्वतःचे दुकान मांडिले. ॲप तेच, रंग तेवढा गुलाबी, आणि धन्यांस वेशीचे तीस लागू नव्हते. जागा वेशीपाशीच, पहिली. निरोप मात्र बदलिला होता: "बाई, परवा तू दूर." आम्ही धन्यांचीच पाटी वापरितो, सबब अधिक बोलवत नाही, परंतु वाचून लाज वाटली.

अखेर निकाल जाहला. पंत म्हणाले, "शब्दाचा अर्थ आम्ही घरी समजून घेतला. बाई निर्दोष. दुकान उघडावे." कचेरीत वाहवा जाहली. दादो विसाजींनी अदबीने मान लवविली आणि टाळे स्वहस्ते काढिले. त्यांस काही घाई नव्हती. ठकूबाईचे डोळे भरून आले. ती हात जोडून म्हणाली, "लई उपकार जाले, पंत. आता तेवढं बाईसाहेबांच्या कानावर घाला, ठकूचं दुकान उघडलं म्हनून. पयल्या दिसापास्नं माझ्या गिऱ्हाईक त्या."

पंत बहुत वेळ दौतीचे झाकण लावीत राहिले. मग हळूच म्हणाले, "सांगितले असते, बाई. पण त्यांचे सहा महिन्यांचे दिवस आता धन्यांच्या गुलाबी दुकानात लिहिलेले आहेत, आणि तिथून ते काढून देत नाहीत."

येणेप्रमाणे तंटा मिटला. न्याय बाईस मिळाला, बाया धन्यांस मिळाल्या. लेखनसीमा.