रोज सकाळी सातला

रोज लिहायचं की आठवड्यातून एकदा, या एका प्रश्नापायी माझे पंधरा दिवस गेले आणि त्या पंधरा दिवसांत नवीन ब्लॉगवर एक ओळ चढली नाही. (कॉलेज सोडलेल्याकडे वेळ भरपूर असतो.) रोज लिहिलं तर वाचक कंटाळतात म्हणे, आठवड्याने लिहिलं तर विसरतात. नुसता पत्ता पाहून नाव नोंदवलेले माझे वाचक सहा होते. त्यांना विसरायला कितीसा वेळ लागतो.

घरात विचारलं, ही चूक.

“रोज लिही,” काका म्हणाले. “मी वीस वर्षं रोज डायरी लिहितोय.”

त्या डायरीत वीस वर्षं ‘पोट साफ’ किंवा ‘पोट साफ नाही’ एवढंच आहे.

“रोज कशाला?” आत्या म्हणाली. “तुला सांगण्यासारखं वर्षातून एकदाच घडतं. निकाल लागतो तेव्हा.”

बाबांचं किल्ल्या बनवायचं दुकान आहे. ते जेवता जेवता म्हणाले, “काहीही कर, पण खाडा करू नकोस. हजेरी भरली नाही म्हणूनच कॉलेजातून नाव कमी झालं तुझं.”

आई फिसकन हसली. डोकं सणकलं. एका बैठकीत चौघांवर चार पोस्ट खरडल्या आणि आपोआप लागतील अशा लावून ठेवल्या. सोमवारी काका, मंगळवारी आत्या, बुधवारी आई, गुरुवारी बाबा. रोज सकाळी सातला.

सोमवारी काकांचं पोट जगासमोर आलं. जग म्हणजे सहा जण, पण त्यांतली एक काकांची विहीण निघाली. तिने ते सगळ्या नातलगांना पाठवलं. आठ वाजता बाबांनी माझा लॅपटॉप उचलला आणि दुकानातल्या तिजोरीत नेऊन कोंडला.

मंगळवारी सातला आत्या लागली.

“लॅपटॉप नाही, मग हा लिहितोय कशावर?” काकांनी विचारलं. त्यांचा चेहरा सोमवारपेक्षा बराच उजळला होता.

“आधीच लिहून ठेवलंय.”

“म्हणजे अजून आहेत?”

“दोन.”

“माझी कधी?” आई म्हणाली.

“उद्या.”

“फोटो तरी बरा लावलायस ना?”

बुधवारपर्यंत वाचक तीनशेच्या वर गेले आणि मला गुरुवार आठवला. गुरुवारच्या पोस्टमध्ये लिहिलं होतं की एकदा बाबांची किल्ली बंद दुकानात राहिली, स्वतःचं कुलूप त्यांना उघडेना आणि त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढून पलीकडच्या गल्लीतल्या किल्लीवाल्याला बोलावलं. गिऱ्हाइकांनी हे वाचलं तर दुकानाची पाटी उतरवावी लागली असती. मी रागीट आहे, पण जेवतो त्याच दुकानावर.

पासवर्ड फक्त लॅपटॉपला माहीत होता. मोबाइलवरून नवा मागितला, तर त्याचा कोड बाबांच्या नंबरवर गेला. शाळेत असताना खातं त्यांच्याच नंबरावर उघडलं होतं.

“बाबा, तुम्हाला सहा आकडे आलेत, ते सांगा.”

बाबांनी चष्मा लावला. “‘हा कोड कोणालाही सांगू नका.’”

“ते चोरांसाठी असतं. मी मुलगा आहे.”

“‘मुलगा सोडून’ असं लिहिलेलं नाही.”

“खातं माझं आहे.”

“नंबर माझा आहे. मालक समोर असल्याशिवाय मी कोणाला किल्ली करून देत नाही.”

“उद्याची पोस्ट तुमच्यावर आहे, बाबा.”

“मग तर मुळीच नाही. काकाची थांबली नाही, आत्याची थांबली नाही. माझीच थांबवली तर घरात तोंड कुठे दाखवू?”

“काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत नाही.”

“मी चिकट आहे, हेच ना? सगळ्यांना ठाऊक आहे.”

ते तोंडावर सांगणं जमेना, मी झोपायला गेलो. (लिहिताना बरं जमलं होतं.)

गुरुवारी सातला बाबांनी पोस्ट वाचली, अर्धा चहा तसाच ठेवला आणि दुकानात गेले. मी दिवसभर खिडकीला चिकटून होतो. संध्याकाळी ते आले, चपला काढल्या.

“गर्दी होती आज,” म्हणाले.

“हसायला?”

“हसायलाच. हसून झाल्यावर अकरा जण किल्ल्या करून घेऊन गेले. बारावा तो पलीकडच्या गल्लीतला. तो नुसताच हसला.”

जिवात जीव आला. “मग आता माझा लॅपटॉप?”

“तिजोरीत. चार दिवसांत चार पोस्ट, बरोबर सातच्या ठोक्याला, एक खाडा नाही.” माझी छाती फुगू लागली. “जन्मात पहिल्यांदा तुझी हजेरी शंभर टक्के भरली. लॅपटॉप तुझ्या हातात देऊन ती मोडू कशाला?”