उंदरिणीस कारणे दाखवा

संचालक महोदय, उंदरिणीला नोटीस तुम्हीच काढलीत. नाकारू नका, खाली सही तुमची आहे.

तुमच्या प्रयोगशाळेत तुमचा लाडका पांढरा उंदीर होता. कुळ उत्तम, मिशा रुबाबदार. फक्त त्याच्या पिंजऱ्यात पिल्लं जेमतेम व्हायची. तुम्ही उंदरीण बदललीत. पुन्हा तेच. परत बदललीत. पुढचीला लिहिलंत, ‘पिल्ले कमी का, याचा लेखी खुलासा करावा.’ ती गप्प. ‘मौन म्हणजे कबुली’ असा शेरा मारून तुम्ही तिचा खुराक तोडलात.

मग तुमच्याच सूनबाईंनी, म्हणजे तिथल्या संशोधिकेने, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"बाबा, खोट नरात आहे. त्याच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालीय. निम्मे शुक्राणू बिघडलेले निघतात."

"फलन होतं का?"

"होतं. बीजांड काही दारात उभं राहून कागदपत्रं तपासत नाही. पण तो गर्भ पुढे टिकत नाही, पोटातच विरतो."

"फलन होतं ना? मग नराचं काम नियमानुसार पूर्ण! पुढचं सगळं मादीच्या खात्यात."

समितीने माना डोलावल्या. नराला ‘आदर्श जनक’ प्रमाणपत्र मिळालं. ते त्याने तिथल्या तिथे कुरतडून खाल्लं. समितीला त्यात विनय दिसला. उंदरिणींसाठी शिबिर भरलं, विषय ‘सकारात्मक विचार आणि गर्भाशय’. एकही उंदरीण टिपणं घेईना, म्हणून सगळ्यांना ताकीद गेली.

इथपर्यंत मीही हसत होतो. पण त्याच आठवड्यात सूनबाईंचा गर्भ पुन्हा गेला.

जेवणाच्या टेबलावर त्या म्हणाल्या, "माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या. आता ह्यांची करू या. नुसतं रक्त द्यायचंय."

"माझ्या लेकाची?" सासूबाईंनी डाव आपटला. "अगं, तुला दिवस राहतात ना? मग त्याचं काम त्याने केलंय!"

चिरंजीवांनी मिशीवरून हात फिरवला. "आई म्हणते ते काही खोटं नाही."

आणि तुम्ही, महोदय? गुणसूत्रांवर ग्रंथ लिहिणारे तुम्ही आमटीत बघत बसलात. आता तुमच्या टेबलावर एका नव्या मुलीचा फोटो आलाय म्हणे. पिंजरा तोच, नर तोच.

वाचकहो, तुम्ही कशाला हसताय? तुमच्या घरात पाळणा हलेना तेव्हा पहिली तपासणी कोणाची झाली? आणि दुसरी झाली तरी का?

उत्तर द्या. मौन म्हणजे कबुली, हा नियम उंदरिणींपुरता नाही.